हुजूरपागा : घोड्यांची पागा आणि मुलींची शाळा
(महिला मंडळाच्या वर्धापनदिनी कामथडी येथे केलेले भाषण)



मी काही मोठी वक्ती नव्हे. छत्तीस वर्षे प्राथमिक शाळेत मुलांपुढे बोलले, तेवढीच माझी सवय. मुलांना कंटाळा आला की ती खिडकीबाहेर पाहू लागत आणि मला ते तत्काळ कळे. आपण मोठ्या माणसांनी भिडेखातर तसे केले नाही, तरी घरी गाईची धार काढावयाची आहे हे मी विसरलेली नाही. तेव्हा फार वेळ घेणार नाही.

कशावर बोलावे, असा मला प्रश्न पडला होता. मंडळाच्या चिटणीसबाई म्हणाल्या, "बाई, मुलींच्या शिक्षणावर काहीतरी सांगा." मुलींच्या शिक्षणावर नुसता उपदेश करणे फार सोपे आहे, तो आपण सगळ्यांनी पुष्कळ ऐकला आहे. म्हणून मी आज उपदेश न करता एका शाळेची हकीकत सांगावयाचे ठरविले आहे. ती शाळा आपल्या गावची नाही, आपल्या तालुक्यातलीही नाही. कात्रजच्या पलीकडे, पुण्यात लक्ष्मी रस्त्यावर ती आहे. तिचे नाव हुजूरपागा.

ह्या शाळेत मी शिकलेली नाही. मी ती प्रथम पाहिली ती १९६६ साली, आणि कशी पाहिली तेही सांगते. माझे माहेर राजगडाच्या पायथ्याकडील एका वाडीतले. चौथीपर्यंतची शाळा वाडीत होती. पुढे सातवीपर्यंत दोन कोस चालत जाऊन शिकले. सातवीची परीक्षा पास झाले आणि शाळा संपली. माझा दादा पुढे भोरला हायस्कुलात गेला. माझ्याबद्दल तसा विचारच कोणी केला नाही. कोणी नाही म्हटले नाही, कारण कोणी विचारलेच नाही! पुढे सोळाव्या वर्षी ह्या कामथडीतले स्थळ आले, लग्न ठरले आणि बस्ता बांधावयाला आम्ही पुण्याला गेलो. वडील, चुलते, आई, मावशी आणि मी. लक्ष्मी रस्त्यावर शालू बघून आम्ही बाहेर पडलो तो संध्याकाळची वेळ. एका मोठ्या फाटकातून मुलींचा लोंढाच्या लोंढा बाहेर येत होता. कोणी माझ्याएवढ्या, कोणी माझ्याहून लहान. हातात वह्या-पुस्तके, आणि मोठमोठ्याने बोलणे. मी तशीच उभी राहिले. मावशी पुण्यातलीच, ती म्हणाली, "ही हुजूरपागा. पोरींची शाळा. मॅट्रिकपर्यंत." वडील पुढे गेले होते. ते मागे वळून म्हणाले, "चला, स्वारगेटची गाडी चुकेल." माझ्या काखेत शालूचे पुडके होते. भगिनींनो, त्या दिवशी शालूचा रंग कोणता होता ते आज मला आठवत नाही. ते फाटक मात्र आठवते.

पुढे मी शिकले, शिक्षिका झाले, तेव्हा त्या शाळेची हकीकत मिळेल तेथून वाचली. तीच आज सांगते.

पागा म्हणजे घोडे बांधावयाची जागा, हे आपणांस ठाऊकच आहे. हुजूर म्हणजे पेशवे सरकार. पेशव्यांच्या खास घोडदळाची पागा जेथे होती, ती ही जागा. १८१८ साली पेशवाई बुडाली. घोडे गेले, स्वार गेले, नाव मात्र राहिले. पुढे ही जागा सांगलीच्या पटवर्धनांकडून मुलींच्या शाळेला मिळाली. म्हणूनच शाळेच्या पाटीवर चिंतामणराव पटवर्धन यांचे नाव आहे. पण पुण्यात त्या नावाने शाळा कोणी ओळखत नाही; सगळे हुजूरपागाच म्हणतात. जेथे लढाईला जाणारी घोडी बांधून ठेवीत, तेथे मुली शिकावयाला मोकळ्या सुटल्या, हा काळाचा महिमा म्हणावयाचा!

शाळा सुरू झाली २९ सप्टेंबर १८८४ रोजी. ती चालविण्याकरिता महाराष्ट्र फीमेल एज्युकेशन सोसायटी नावाची संस्था स्थापन झाली होती. तीच आज महाराष्ट्र मुलींची शिक्षणसंस्था म्हणून ओळखली जाते. ज्यांनी पुढाकार घेतला त्यांची नावे ऐकण्यासारखी आहेत. न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे, डॉक्टर रामकृष्ण गोपाळ भांडारकर, वामन आबाजी मोडक, शंकर पांडुरंग पंडित, आणि सर विल्यम वेडरबर्न हे इंग्रज गृहस्थ. मुंबई विद्यापीठाची बी. ए. ची पदवी १८६२ साली पहिल्यांदा चौघांनी मिळविली. त्या चौघांपैकी तिघे, रानडे, भांडारकर आणि मोडक, ह्या मुलींच्या शाळेच्या संस्थापकांत आहेत. जे स्वतः पहिल्याने शिकले, त्यांनाच प्रथम वाटले की हे आपल्या मुलीबाळींना मिळाले पाहिजे. शंकर पांडुरंग पंडित हे संस्कृतचे गाढे विद्वान. पण आपल्या वारकरी घरांत त्यांची ओळख दुसरीच. विष्णु परशुराम शास्त्री पंडित यांच्याबरोबर त्यांनी तुकोबारायांची गाथा तपासून छापविली. त्यांची मुलगी क्षमा पुढे संस्कृत कवयित्री म्हणून नावाजली. वेडरबर्नसाहेब सरकारी नोकरीत न्यायाधीश होते, पुढे ते १८८९ आणि १९१० असे दोनदा काँग्रेसचे अध्यक्ष झाले. त्यांचा भाऊ डेव्हिड निवर्तला होता; त्याच्या स्मरणार्थ त्यांनी शाळेला देणगी दिली. आपल्याकडे गेलेल्या माणसाच्या नावाने पाणपोई घालतात, देवळाला घाट बांधतात. त्या परक्या माणसाने भावाच्या नावाने परक्या देशातल्या मुलींना शाळा दिली.

आता कोणी म्हणेल की मुलींची शाळा त्याआधी नव्हती काय? होती. जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांनी १८४८ साली पुण्यातच, भिडे यांच्या वाड्यात मुलींची शाळा काढली होती. हुजूरपागेच्या आधी छत्तीस वर्षे. सावित्रीबाईंनी शेण-दगड सोसले ते आपण जाणतोच. तो पाया घातला गेला नसता तर पुढची भिंत उभी राहिली नसती. पण त्या काळच्या मुलींच्या शाळा बहुतेक प्राथमिकच असत. लिहिता-वाचता आले, हिशेब आला, की मुलगी घरी. मुलीने इंग्रजी शिकावे, मॅट्रिकला बसावे, कॉलेजात जावे, ह्यासाठी आपल्याच लोकांनी चालविलेले मुलींचे हायस्कूल महाराष्ट्रात नव्हते. हुजूरपागेने ते काम हाती घेतले. कलकत्त्याला बेथून कॉलेजातून १८८३ साली दोन बायका पदवीधर झाल्या होत्या. आपल्या आनंदीबाई जोशी त्याच १८८३ साली डॉक्टरी शिकण्याकरिता अमेरिकेला निघाल्या. पण आनंदीबाईंना जे शिकावयाचे ते घरी, नवऱ्यापाशी शिकावे लागले होते. अशी एखादीच आनंदीबाई निपजते. शाळा असली म्हणजे शंभरजणी निपजतात.

ह्या शाळेला विरोध झाला नसता तर नवल. विरोध करणारे कोणी सामान्य नव्हते. लोकमान्य टिळकांनी आपल्या वर्तमानपत्रांतून ह्या शाळेच्या अभ्यासक्रमावर कडक टीका केली. टिळकांवर माझी श्रद्धा आहे, आणि त्यांचे मोठेपण ह्याने कमी होत नाही. पण इतिहास सांगावयाचा तर खरा सांगितला पाहिजे. त्यांचे आक्षेप काय होते? मुलींना अकरा ते पाच शाळेत बसविले तर त्या घरातली कामे केव्हा शिकणार? इंग्रजी शिकून त्यांचा काय उपयोग? मुलांसारखेच शिक्षण मुलींना कशाला? शिकवावयाचेच तर थोडा वेळ शिकवावे, मराठी शिकवावे, संसाराला लागेल ते शिकवावे. त्याच पुण्यात आगरकर मात्र मुलींना मुलांइतकेच शिक्षण मिळाले पाहिजे, असे निर्भयपणे लिहीत होते. दोघेही एकाच न्यू इंग्लिश स्कुलाच्या उभारणीत होते, आणि ह्या प्रश्नावर मात्र दोन टोकांना.

भगिनींनो, हे आक्षेप ऐकताना आपणांस काही आठवते का? मला तर वाटते की हे मी कालच पाणवठ्यावर ऐकले! "पोरगी सकाळी जाते ती संध्याकाळी येते, मग भाकऱ्या कोणी थापायच्या?" "शिकून कलेक्टर व्हायची आहे का?" हे बोलणे सव्वाशे-दीडशे वर्षांपूर्वी मोठ्या विद्वानांनी छापले, आणि आजही आपल्या अंगणात चालते. तेव्हा वेळेचा आक्षेप हा मुलींच्या शिक्षणावरचा फार जुना आक्षेप आहे, आणि फार टिकाऊही.

पण मला आज विशेष सांगावयाचे आहे ते दुसरेच. विरोध केवळ वर्तमानपत्रांत नव्हता. तो स्वयंपाकघरात होता. आणि स्वयंपाकघरात पुरुष नसतात.

रमाबाई रानडे यांनी आपल्या संसाराच्या आठवणी लिहिल्या आहेत. ते पुस्तक १९१० साली प्रसिद्ध झाले. ज्यांना वाचता येते त्यांनी ते जरूर वाचावे, आणि ज्यांना येत नाही त्यांनी सुनेकडून वाचून घ्यावे. रमाबाईंचा जन्म आपल्या सातारा-सांगलीकडचा, देवराष्ट्रे गावचा. अकराव्या वर्षी, १८७३ साली, त्यांचे लग्न झाले. सासरी आल्या तेव्हा त्यांना अक्षर येत नव्हते. नवऱ्याने शिकविले. पुढे मिस हरफर्ड नावाच्या बाई त्यांना इंग्रजी शिकवीत. शिकून उठल्यावर घरात शिवाशिवीचा बोभाटा होई. मडमेजवळ बसलेली बाई तशीच घरात वावरली तर कसे, म्हणून वडीलधाऱ्या बायका टोमणे मारीत. १८८४ साली गव्हर्नर सर जेम्स फर्ग्युसन पुण्यात असता हिराबागेत सभा झाली, आणि मुलींकरिता हायस्कूल पाहिजे अशी मागणी तेथे रमाबाईंनी इंग्रजीतून वाचून दाखविली. वय वर्षे बावीस! समोर साहेबलोक आणि पुण्यातली मोठमोठी मंडळी. तेथे त्यांनी धीराने वाचले. पण खरी परीक्षा घरी आल्यावर झाली. घरातल्या बायकांनी त्यांना जे ऐकविले, ते गव्हर्नरसाहेबांपुढे उभे राहण्यापेक्षा कठीण होते. रमाबाईंनी उलट शब्द बोलला नाही, आणि शिकणेही सोडले नाही. दोन्ही गोष्टी एकाच वेळी करावयाला फार मोठे मन लागते.

त्या बोलणाऱ्या बायका वाईट नव्हत्या, हेही लक्षात घ्या. त्यांना जन्मभर जे शिकविले तेच त्या बोलत होत्या. त्यांतल्या पुष्कळजणी लहानपणी विधवा झालेल्या. आपल्याला जे मिळाले नाही ते दुसरीला मिळताना पाहणे सोपे नसते. हे मी कोणाला दोष देण्याकरिता बोलत नाही. मी स्वतः सासू झालेली बाई आहे!

आता ह्या शाळेने काय केले ते सांगते. मुलींना मॅट्रिकपर्यंत नेले. बाहेरगावच्या मुलींकरिता वसतिगृह चालविले. मला वाटते, शाळेइतकेच महत्त्वाचे काम ह्या वसतिगृहाने केले. ज्या गावात हायस्कूल नाही तेथल्या बापाने मुलीला कोठे ठेवावयाचे? नातेवाईकांकडे ठेवली तर ती त्यांच्या घरची मोलकरीण होते. वसतिगृह असले तर बापाचा जीव खाली राहतो.

ह्या शाळेतून कोणत्या मुली बाहेर पडल्या? सगळ्या सांगावयाच्या म्हटल्या तर रात्र पुरणार नाही. तिघींविषयी सांगते, आणि तिघी तीन प्रकारच्या.

पहिली जनाबाई शिंदे. महर्षी विठ्ठल रामजी शिंदे यांची ही बहीण. जमखंडीकडचे मराठा कुटुंब. लहानपणी लग्न झाले, सासर सुखाचे निघाले नाही. भावाने बहिणीला पुण्याला आणून हुजूरपागेत घातले. तो काळ असा की ह्या शाळेत बहुतेक मुली पांढरपेशा घरांतल्या. हेही खरेच सांगितले पाहिजे. अशा ठिकाणी आपल्यासारख्या घरातली, सासर सुटलेली मुलगी बाकावर जाऊन बसली. पुढे १९०६ साली महर्षींनी अस्पृश्य मानलेल्या लोकांकरिता मिशन काढले, तेव्हा ही जनाक्का त्यांच्या कामात उभी राहिली. जी स्वतः दारातून परत पाठविली गेली होती, तिने दुसऱ्यांसाठी दारे उघडली.

दुसरी इरावती कर्वे. जन्म ब्रह्मदेशात, १९०५ सालचा. वडील तिकडे नोकरीला. इरावती नदीवरून मुलीचे नाव ठेवले. सात वर्षांच्या मुलीला त्यांनी समुद्रापलीकडून पुण्याला हुजूरपागेत शिकावयाला पाठविले. आपण आपल्या सात वर्षांच्या नातीला नसरापूरच्या बाजारालासुद्धा एकटी धाडीत नाही! तीच मुलगी पुढे जर्मनीला जाऊन मोठी विदुषी होऊन आली, डेक्कन कॉलेजात शिकवू लागली, महाराष्ट्रभर हिंडून माणसांच्या चालीरीतींचा अभ्यास केला. महाभारतातल्या माणसांवर तिने 'युगान्त' हे पुस्तक लिहिले. त्याला साहित्य अकादमीचे पारितोषिक मिळाले.

तिसरी शांता शेळके. ही आपल्याच पुणे जिल्ह्यातली, जन्म १९२२ साली इंदापूरचा. वडील वनखात्यात, त्यामुळे लहानपण गावोगावी गेले. पुढे पुण्यात येऊन ती हुजूरपागेत शिकली आणि १९३८ साली मॅट्रिक झाली. तिची गाणी आपण रेडिओवर ऐकत भात लावला आहे, जात्यावर नव्हे तरी गिरणीच्या रांगेत उभे राहून गुणगुणलो आहोत. १९९६ साली आळंदीला मराठी साहित्य संमेलन भरले, त्याची ती अध्यक्ष होती. ज्ञानेश्वरमाउलीच्या गावी अध्यक्षपदावर एक बाई बसलेली पाहून मला, मी लांबून पाहणारी असूनही, भरून आले.

ह्या तिघींची नावे झाली. पण शाळेची खरी कामगिरी नावे झालेल्यांत नसते. त्याच शाळेतून मॅट्रिक होऊन किती मुली मास्तरणी झाल्या, परिचारिका झाल्या, कचेरीत लागल्या. किती नुसत्या गृहिणी झाल्या आणि आपल्या मुलींना विचारल्यावाचून शाळेत घातले! त्यांची नावे कोठे छापलेली नाहीत. एक पिढी शिकली म्हणजे पुढच्या पिढीत तो प्रश्नच राहत नाही, हे त्या शाळेचे खरे फळ. २०२४ साली शाळेला १४० वर्षे पूर्ण झाली. संस्थेने पुढे कात्रजलाही शाळा काढली. म्हणजे घाटाच्या पायथ्यापर्यंत हुजूरपागा आपल्या वाटेवर थोडी पुढे आली आहे, असे म्हणावयाला हरकत नाही.

आता मुख्य गोष्ट. ही सारी हकीकत मी आपणांस कशाकरिता सांगितली?

माझे पुढे काय झाले ते सांगते, म्हणजे कळेल. लग्न होऊन मी ह्या गावात आले. माझ्या आत्याबाई, म्हणजे सासूबाई, अंगठा उठविणाऱ्या. एकदा पोस्टमन मनीऑर्डर घेऊन आला. रक्कम किती, कोणाची, हे मी वाचून सांगितले आणि पावतीवर सही केली. आत्याबाई बघत राहिल्या. रात्री जेवताना त्या मामंजींना म्हणाल्या, "हिला पुढं शिकवायची. दोन वेळच्या भाकरी मी थापीन." एवढेच. भाषण नाही, ठराव नाही. तीन वर्षांनी, १९६९ साली, मी बाहेरून मॅट्रिक झाले. परीक्षेच्या दिवसांत माझे तान्हे मूल त्यांच्या मांडीवर होते. पुढे अध्यापनाची पदविका घेतली आणि १९७२ साली जिल्हा परिषदेच्या शाळेत लागले. माझी हुजूरपागा माझ्या आत्याबाईंच्या चुलीपाशी होती, भगिनींनो. अकरा ते पाच ह्या आक्षेपाला थोर थोर माणसांनी अग्रलेखांतून उत्तरे दिली, पण त्या अडाणी बाईने चार शब्दांत दिले, "भाकरी मी थापीन." त्याहून चांगले उत्तर मला आजवर सापडलेले नाही.

आणि आता माझ्या हातून घडलेली एक चूक सांगते. ती मी कधी चारचौघांत सांगितलेली नाही. नोकरीत असताना मी एका दूरच्या गावी होते. सातवीत एक मुलगी होती, हिशेबाला इतकी तल्लख की फळ्यावर गणित लिहून होण्यापूर्वी उत्तर सांगे. सातवी झाली आणि बाप दाखला मागावयाला आला. "पुढं नाही घालायची. धाकटी भावंडं सांभाळायला कोणी नाही." मी काहीतरी बोलले, त्याने मान हलविली, मी दाखला लिहिला. अक्षर छान काढून लिहिला! मी त्या घरी गेले नाही. त्या मुलीच्या आईला, आजीला भेटले नाही. मला घाई होती. शेवटची गाडी गाठावयाची होती. स्वारगेटची गाडी चुकेल, असे माझे वडील म्हणाले होते. तेच मी केले. दोन वर्षांनी ती मुलगी मला बाजारात भेटली, कडेवर मूल होते. "बाई, नमस्कार," म्हणाली आणि पिशवी उचलून माझ्याबरोबर रस्त्यापर्यंत आली. तिच्या मनात काही राग नव्हता. तो असता तर मला सोसणे सोपे गेले असते.

म्हणून आज, माझ्या वयाच्या पंचाहत्तरीत, मी आपल्यापुढे उभी आहे.

आज काळ पुष्कळ बदलला. कामथडी हमरस्त्यावर आहे. दारापुढून पुण्या-साताऱ्याच्या गाड्या जातात. मुलींना बारावीपर्यंत शिक्षण मोफत आहे. गावाहून शाळेत जाणाऱ्या मुलींना एस. टी. चा पास फुकट मिळतो, त्याला अहिल्याबाई होळकरांचे नाव दिले आहे. अठरा वर्षांखालील मुलीचे लग्न हा गुन्हा आहे. २०२४ पासून ठराविक उत्पन्नाच्या आतल्या पुष्कळ घरांतील मुलींची मोठ्या अभ्यासक्रमांची फीसुद्धा सरकार भरते. रानडे-भांडारकरांनी गव्हर्नरपुढे अर्ज करून जे मागितले, त्याच्या दसपट आज कायद्याने आपल्या दारी आले आहे. मग उरले काय? उरले ते स्वयंपाकघर. उरली आषाढातली लावणी, त्या पंधरा दिवसांत मुलीची गैरहजेरी. उरले "दहावी झाली, आता बास." उरली रस्त्यावरची भीती, आणि "लोक काय म्हणतील." ह्या गोष्टी सरकार करू शकत नाही. ह्या आपल्या हातच्या आहेत. पुरुषांच्याही पुरत्या नाहीत, आपल्या.

आपले मंडळ हळदीकुंकू करते, भजन करते, शिवणाचा वर्ग चालविते, भिशी आणि बचत सांभाळते. हे सर्व चांगलेच आहे. आज माझ्या तीन सूचना आहेत. पटल्या तर घ्याव्यात, न पटल्या तर म्हातारीचे बोलणे म्हणून सोडून द्याव्यात.

पहिली. मंडळाच्या ह्या खोलीत रोज संध्याकाळी सात ते नऊ दिवा लावावा आणि गावातल्या मुलींना अभ्यासाला बसू द्यावे. घरात दूरदर्शन चालू असतो, पाहुणे येतात, धाकटे रडते. मुलीला कोपरा मिळत नाही. येथे मिळेल. बसावयाला रोज एक मोठी बाई पाहिजे. सोमवार माझा.

दुसरी. बचतीच्या व्याजातून दर वर्षी एका मुलीचा दहावीनंतरचा पुस्तकांचा किंवा वसतिगृहाचा खर्च उचलावा. देणगी म्हणून देऊ नये, तिच्या आईला मिंधे वाटेल. गावाचा मान म्हणून द्यावा.

तिसरी. हिला पैसा लागत नाही, पण हीच सर्वांत अवघड. गावात कोणत्याही मुलीचा दाखला काढण्याची भाषा कानावर आली, तर दोघींनी त्या घरी जावे. भांडावयाला नव्हे. चहा प्यावा, आजीशी बोलावे, आणि विचारावे, "अडचण काय आहे?" भाकरीची असेल तर भाकरीचा तोड काढावा, भावंडांची असेल तर त्याचा. आणि त्या दोघींना शेवटची गाडी गाठावयाची घाई नसावी.

मला माहीत आहे, येथे बसलेल्यांपैकी एका घरी सध्या हाच विचार चालू आहे. मी नाव घेणार नाही, आणि त्या बाईंनी मान खाली घालू नये. मी उद्या सकाळी चहाला येत आहे. साखर कमी घाला, एवढेच सांगणे.

हुजूरपागा उभी राहिली ती दगडविटांनी नव्हे. काही मोठ्या माणसांनी पैसा दिला, बुद्धी दिली. पण सगळ्यांत आधी एका बावीस वर्षांच्या सुनेने भर सभेत उभे राहून मागितले, म्हणून ती शाळा झाली. आपल्या गावात गव्हर्नर येणार नाही, आणि त्याची जरुरीही नाही. आपणच मागावयाचे आणि आपणच द्यावयाचे.

आपण इतका वेळ शांतपणे ऐकून घेतलेत, खिडकीबाहेर कोणी पाहिले नाही. आपल्या मंडळाला उदंड आयुष्य लाभो, आणि पुढच्या वर्धापनदिनी ह्या जागी उभे राहून बोलणारी आपल्याच गावची एखादी शिकलेली मुलगी असो, एवढी देवाजवळ प्रार्थना करून मी आपली रजा घेते.